जोसेफकाका आणि लग्नावरचा कर

जोसेफ आपटेकरांच्या सल्ल्याची फी वर्षानुवर्षं माझ्या घरी शिजली, हे आधीच कबूल करून टाकतो. खाडीकाठच्या गावांतली माणसं पैशाचे प्रश्न घेऊन त्यांच्याकडे यायची आणि जाताना ओट्यावर चिंबोऱ्यांची टोपली नाहीतर वाटाभर कोळंबी ठेवून जायची. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. पाण्यातलं ज्याला खवले नाहीत ते त्यांच्या धर्माला चालत नाही. पण आणलेलं परत न्या म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. मग त्यांच्या पत्नी सोफीबाई ती टोपली कुंपणावरून माझ्या बायकोच्या हातात द्यायच्या. आम्ही भिंतीला भिंत लागून शेजारी, आणि आमच्या घरी चिंबोरीला कोणत्याही धर्माची आडकाठी नव्हती.

मी कमळाकर. पनवेलच्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसायचो. शेजारच्या बचत खात्याच्या खिडकीत छप्पन सालापर्यंत जोसेफकाका होते. ते निवृत्त झाले आणि मला वाटलं, चला, आता जरा शांतता मिळेल. कारण त्यांच्या खिडकीवरच्या माणसाचा प्रश्न सुटेपर्यंत रांग हलत नसे, आणि चिडलेली माणसं मला बोल लावत. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी खिडकीच घरी नेली. रविवारी सकाळी बाजाराला आलेली माणसं पिशव्या सांभाळत इस्राएल आळीत शिरायची आणि ओट्यावर बसून राहायची. म्हणजे आठवड्याची माझी एक झोपही गेली.

प्रश्न तरी काय एकेक असायचे. घरपट्टी थकली तर नगरपालिका खरंच कौलं काढून नेते का? बायकोच्या नावाने पासबुक काढलं तर नवरा पैसे काढू शकतो का? सोनं घ्यावं की सरकारी बचतपत्र? भातगिरणीवाल्या दिनानाथांनी एकदा आवाज खाली आणून विचारलं होतं की मिळकतीतलं थोडं दाखवलं नाही तर कुणाला कळतं. काकांनी तितक्याच खालच्या आवाजात सांगितलं की आता मला कळलं, सोफीला आत ऐकू गेलं आणि कमळाकर कुंपणाशी उभा आहे. तेव्हा भरून टाका. दिनानाथांनी भरला. वर मला महिनाभर ओळख दाखवली नाही, जणू कर मीच लावला होता.

जगन टांगेवाल्याची गोष्ट तर मी अजून सांगतो. त्याने घोड्यासाठी दोनशे रुपये घेतले होते, रुपयाला महिना एक आणा व्याजाने. 'आणाच तर आहे,' असं तो ऐटीत सांगायचा. काकांनी त्याच्यापुढे रुपयाचे सोळा आणे म्हणून सोळा चिंचोके मांडले आणि महिन्याचं नाव घेऊन एकेक उचलायला लावला. चैत्र, वैशाख करत फाल्गुन आला तेव्हा चारच चिंचोके उरले होते. काका म्हणाले, रुपयातले बारा आणे सावकाराकडे गेले, आणि तुझ्या डोक्यावरचा रुपया अजून आख्खाच आहे. जगन त्या चार चिंचोक्यांकडे बराच वेळ बघत बसला. पुढच्याच आठवड्यात काका त्याला पतपेढीत घेऊन गेले.

त्यांची एक खोड होती. उत्तर सांगून झालं की ते माणसाला उठू देत नसत. म्हणायचे, आता तुमच्या तोंडाने सांगा, काय कळलं? सांगता आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि स्वतःला ठाऊक नसेल तर सरळ 'मला माहीत नाही' म्हणायचे, अलिबागला किंवा मुंबईला पत्र टाकायचे आणि तीन आठवड्यांनी या म्हणून सांगायचे. असला सल्लागार मी दुसरा पाहिला नाही. लोकांना मात्र त्यामुळेच त्यांचा भरवसा वाटायचा.

मी त्यांचं ऐकत होतो का? अजिबात नाही. महिना दहा रुपयांची एक भिशी मी त्यांचा विरोध पत्करून लावली होती. भिशी चालवणारा गृहस्थ सातव्या महिन्यात नाहीसा झाला. पळस्प्याच्या फाट्यापर्यंत त्याला पाहणारे भेटले. तिथून तो गोव्याकडे वळला की पुण्याकडे, एवढंच कळायचं राहिलं. काकांनी मला एका शब्दाने टोकलं नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काका पैशाला हात लावत नसत, लेखणी उचलत नसत, पैशाबद्दल बोलतही नसत. साऱ्या पंचक्रोशीला हे ठाऊक होतं. शनिवारी कुणी चुकून आलंच तर काका त्याला पाणी द्यायचे, भातपिकाची चौकशी करायचे आणि उद्या या म्हणायचे.

आता ठमाबाईची गोष्ट. ठमाबाई कामोठ्याची, आगरी, मिठागरावर काम करणारी विधवा. उन्हाने आणि मिठाने तिच्या हातांची कातडी पार राठ झाली होती. दर महिन्याला ती पोस्टात यायची, कधी दहा रुपये, कधी पाच, आणि काकांच्या खिडकीत ठेवून जायची. काका निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं हे चाललं, आणि आता व्याजासकट नऊशे बारा रुपये झाले होते. तिला एकुलता एक मुलगा, भगवान. त्याचं लग्न खारघरच्या भामाशी ठरलं होतं, एकोणसाठ सालच्या वैशाखात.

त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट घडून आली. कूळकायद्याने ती कसत होती ती दीड एकर जमीन तिच्या मालकीची व्हायची होती. किंमत ठरून आली, सातशे रुपये. एकतीस मेच्या आत भरायचे. नाहीतर हक्क गेला. म्हणजे सातशे जमिनीचे, उरलेल्या दोनशे बारांत लग्न. हिशेब मलासुद्धा तोंडी जमला असता. पण तिच्या गावची रीत अशी, की एकुलत्या एक मुलाच्या लग्नात गावाला तीन दिवस जेवण, हळदीला बँड, आणि वर मानपान. त्याला नऊशेही पुरले नसते. गावकीचा पुढारी काशिराम आधीच मांडवाच्या बांबूंची मोजदाद करून गेला होता.

आणि नेमकी तेव्हाच ती अफवा आली. सरकारने खर्चावर कर बसवला, हे खरंच होतं; वर्तमानपत्रात छापून आलं होतं. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याने ते मोठ्याने वाचलं, गिऱ्हाइकाने अर्धं ऐकलं, आणि खाडीपलीकडे जाईपर्यंत त्याचं असं झालं की लग्नात जेवढे खर्चाल तेवढेच सरकारला मोजावे लागतील. साहेब येऊन उकिरड्यावरच्या पत्रावळी मोजतो, असंही कुणीतरी जोडलं. एका गावात म्हणे लग्नानंतर खड्डा खणून पत्रावळी पुरल्या. मी हसून हसून बेजार झालो. काकांनी मात्र मुंबईला पत्र टाकलं.

उत्तर आलं त्या शुक्रवारी दुपारी ठमाबाई एकटीच आली. मी कुंपणाशीच होतो. ऐकायला नको होतं, पण ऐकलं. तिने टोपली ठेवली, बसली नाही. म्हणाली,

"काका, रविवारी काशिरामदादा पंच घेऊन येनार हाय, त्या कराचा विचाराला. तुमी सांगा, कर लागतो म्हनून. तुमचा शब्द गाव मोडत नाय. सरकारच्या नावावर मी सुटन, आन जमीन राहील."

काकांनी विचारलं की खरं काय ते तुला ऐकायचंय का. तिने मान हलवली. तिला नको होतं. टोपली तशीच ठेवून ती निघून गेली.

पत्रात काय होतं ते काकांनी मला दाखवलं. सगळे कर जाऊन ज्याचं उत्पन्न वर्षाला छत्तीस हजारांच्या वर, त्यालाच तो कर. आमच्या अख्ख्या पनवेलात असा माणूस कंदील घेऊन शोधावा लागला असता. मी म्हटलं, काका, बोला खोटं. जन्मात एकदा बोललात तर काय आकाश कोसळतं? बाईची जमीन वाचते, गावाचेही पैसे वाचतात, सरकारला तर पत्ताही लागत नाही. यात बुडतो कोण? काका म्हणाले, "सूर्य मावळायला आला, कमळाकर," आणि आत गेले.

सबंध शनिवार ते त्या विषयावर बोलले नाहीत. प्रार्थनेहून आले, जेवले आणि तळ्याकाठी जाऊन बसले. सोफीबाई माझ्या बायकोला म्हणाल्या की आज हे देवाशी भांडताहेत, आणि देव उत्तर देत नाहीये, त्यामुळे पान खाल्लं तरी चावायचं विसरताहेत. मला त्या माणसाची चीड आली होती आणि काळजीही वाटत होती. खोटं बोलता न येणं हा काही गुण नव्हे, तो हट्ट आहे, असं मी बायकोला दोनदा ऐकवलं. तिने दोन्ही वेळा चिंबोरीचा नांगा माझ्या ताटात वाढला.

रविवारी काशिराम आला. पांढरं धोतर, काळी टोपी, मागे आठ पंच. ठमाबाई आणि भगवान मागाहून आले आणि ओट्याच्या खाली उभे राहिले. काशिरामने घसा साफ केला आणि विचारलं की लग्नाच्या खर्चावर कर लागतो, हे खरं की खोटं.

काकांनी पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. ठमाबाईकडे बघून म्हणाले,

"लागत नाही. तुमच्यापैकी कुणालाच लागत नाही. छत्तीस हजार कमावणाऱ्याला लागतो."

पंचांचे चेहरे एकदम खुलले. एकाने बँडवाल्याचं नावही काढलं. मी ठमाबाईकडे बघू शकलो नाही. भगवान मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. त्या क्षणी मी काकांशी कायमचं बोलणं सोडायचं ठरवलं होतं, खोटं कशाला सांगू?

काशिराम उठायला लागला. काकांनी त्याला हाताने बसवलं. म्हणाले, आमच्या ओट्यावर कळलेलं परत सांगितल्याशिवाय कुणी उठत नाही. आणि त्यांनी काशिरामला नाही, ठमाबाईला विचारलं, तुला काय कळलं ते सांग.

ती खूप रागावली होती. ते तिच्या आवाजातच होतं.

"मना कळला का कर नाय. सरकारचा भ्या नाय. पैसं हायेत, नऊशे बारा." ती थांबली, आणि मग काशिरामकडे वळली. "आन मी तीन दिवस जेवान घालनार नाय. एक दिवस घालीन. वाल आन भात. पैशाची मी जमीन घेनार हाय."

काशिराम म्हणाला की गाव काय म्हणेल. ठमाबाई म्हणाली की गाव हितंच बसलाय, विचार त्याला. पंच एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारा खाली बघून हळूच हसला, तेही मी पाहिलं. काशिराम टोपी सरळ करून उठला आणि जाता जाता म्हणाला की त्या मांडवात माझं पाऊल पडणार नाही, माझ्या मागचाही कुणी येणार नाही. ठमाबाई काकांकडे न बघताच गेली. भगवान मात्र वळून काकांच्या पाया पडला.

लग्न झालं. निम्मं गाव आलं, निम्मं काशिरामच्या मागे राहिलं. काका, सोफीबाई आणि आम्ही दोघं जगनच्या टांग्यातून गेलो. वाल सुरेख शिजले होते. त्यांच्यात लग्न लावते ती धवलारीण. तीच गाणी गात सगळे विधी करते. तिने पोस्टातल्या काकाला खोटं बोलता येत नाही आणि म्हणून वरमाईला बोलावं लागलं, असं एक कडवं तिथल्या तिथे जुळवून घातलं. बायका खो खो हसल्या. ठमाबाईही हसली, पण काकांशी बोलली नाही. काकांनी तीनदा भात मागून घेतला. ती वाढायला येते का, हे त्यांना बघायचं असावं. तिन्ही वेळा भामाच आली.

मग जमिनीचं राहिलं. तलाठ्याचा उतारा यायला उशीर झाला आणि एकतीस मे निघाला रविवार. म्हणजे पैसे शनिवारीच भरायला हवेत, तेही कचेरी दीडला बंद व्हायच्या आत. शुक्रवारी आमच्या पोस्टातून सातशे रुपये काढून मी स्वतः तिच्या हातात मोजून दिले. शनिवारी दहा वाजता मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे: ठमाबाई, भगवान, रजा टाकून आलेला मी, आणि प्रार्थना आटपून थेट आलेले जोसेफकाका. त्यांना पैशाला हात लावायचा नव्हता, सही करायची नव्हती, पैशाचं बोलायचंही नव्हतं. ते नुसते येऊन उभे राहिले होते.

कारकुनाने कागद बघितले, चष्मा वर केला आणि म्हणाला, ही बाई तीच ठमाबाई कशावरून? गावच्या माणसाची ओळख म्हणून सही लागेल. मुलाची चालणार नाही, पनवेलकराचीही चालणार नाही. गावकीचा कुणी पंच आणा. मी त्याच्याशी तावातावाने भांडलो. मला नियम शिकवू नका, मीही सरकारी नोकर आहे, वगैरे. त्याने मला शांतपणे बाहेरचा बाक दाखवला.

भगवानने माझी सायकल उचलली आणि कामोठ्याच्या रस्त्याला लागला. गावकीचा पंच म्हणजे आधी काशिरामच. बाकीचे आठ मिठागरांवर पांगलेले, त्यांना कुठे शोधणार? अकरा वाजले, बारा वाजले. ठमाबाई पैशांची पुरचुंडी पोटाशी धरून बसली होती. काका तिच्यापासून चार हात लांब उभे. साडेबाराला काकांच्या ओठांची हालचाल दिसायला लागली. देवाशी पुन्हा काहीतरी चाललं होतं. एक वाजता कारकुनाने दौतीचं झाकण लावलं.

सव्वा वाजता सायकल दिसली. भगवान घामाने निथळत होता आणि मागे कॅरिअरवर, एका हाताने धोतर आणि दुसऱ्याने टोपी धरून, गावकीचे पुढारी काशिराम बसले होते. इतका रागावलेला माणूस इतक्या अवघडलेल्या जागी बसलेला मी पुन्हा पाहिला नाही. खाली उतरला तर पाय वळेना. कुणाकडे न बघता लंगडत आत गेला. कारकुनाने विचारलं, हिला ओळखता?

"वळखतो," काशिराम म्हणाला. "कामोठ्यात हिला कोन नाय वळखत?"

त्याने सही केली. मोठी, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. ठमाबाईने अंगठा उठवला, पैसे भरले गेले, पावती आली. बाहेर आल्यावर काशिराम पहिल्यांदा तिच्याशी बोलला. म्हणाला की सही केली म्हणजे जेवण माफ झालं असं समजू नकोस. ती म्हणाली की जेवण राहिलं आहे हे मलाही ठाऊक आहे. भात पिकू दे, माझ्या शेताचा खायला ये. काशिराम 'बघू' म्हणाला आणि परत जायला सायकलीवर बसायचं साफ नाकारलं. जगनचा टांगा समोरच होता. पैसे मी दिले. मला वाटतं तो पनवेलात माझ्या पैशाने झालेला एकमेव शहाणपणाचा खर्च.

काका वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. शनिवार होता. पण दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा झाल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, काका, काशिराम आला नसता तर? बाईची जमीन गेली असती, आणि ती तुमच्या खरेपणाने गेली असती. तुम्हाला झोप लागली असती का?

"नसती लागली," ते म्हणाले. "त्या शनिवारी तळ्यावर बसलो ना, तेव्हा माझं ठरलं होतं, खोटं बोलायचं. रविवारी तिला समोर बघेपर्यंत तेच ठरलेलं होतं."

मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. मग काय झालं, असं मी विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. खूप वेळ पुसला.

"कमळाकर, ती बाई अकरा वर्षं माझ्या खिडकीत आली. दर महिन्याला पैसे दिले आणि मी पासबुकात काय लिहीन ते घेऊन गेली. तिला वाचता येत नाही रे. मी पाचाचे तीन लिहिले असते तरी तिला कळलं नसतं. अकरा वर्षांत तिने एकदाही ते पुस्तक दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही. मला एकदाही विचारलं नाही, की काका, बरोबर लिहिलंत ना? आता तिच्याच तोंडावर खोटं कसं बोलू?"

सोफीबाईंनी आतून दोन कप चहा आणून ठेवला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पिशवी सावरत येताना दिसलं, आणि काकांनी चष्मा लावून मला जरा बाजूला सरकायला सांगितलं.